नाणी-फासे बास झाले, कोल्हापूरच्या खऱ्या आकड्यांवर स्टॅटची गणितं करायची आहेत

एफवाय_वाली

नमस्कार सगळ्यांना. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, संख्याशास्त्र घेतलंय. पुस्तकात प्रॉबेबिलिटी म्हटलं की नाणं उडवा, दोन फासे टाका, पिशवीत पाच लाल आणि तीन काळे चेंडू, ती सगळी गणितं मला येतात. पण पेपरात पुराची पातळी, बाजारभाव, पाऊस असं काही वाचलं की यातलं नेमकं काय कुठं लावायचं तेच कळत नाही. आता मॅडमनी सांगितलंय की प्रत्येकानं आपल्या भागातला खरा डेटा घेऊन सरावाची गणितं स्वतः तयार करायची आणि सोडवून आणायची. मी तीन घेतलीत आणि तिन्हीत अडकलेय.

पहिलं पावसाचं. जिल्ह्यातल्या १२ तालुक्यांचा एका दिवसाचा पाऊस घेतला आणि सरासरी काढली. पण गगनबावड्याला धो धो आणि शिरोळला नुसता शिडकावा, त्यामुळं जी सरासरी येते तेवढा पाऊस बाराही तालुक्यांत कुठंच पडलेला नसतो. मग मीन, म्हणजे ही सरासरी, द्यायचा की मीडियन, म्हणजे आकडे ओळीत लावल्यावर मधोमध येतो तो?

दुसरं बाजार समितीचे दर. रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. मला वाटलं सर्वसाधारण म्हणजे किमान अधिक कमाल भागिले दोन, पण ते कधीच जुळत नाही.

तिसरं पूर. २००५, २०१९ आणि २०२१ ला मोठे पूर आले. २००५ ते २०२४ ही वीस वर्षं, त्यात तीन पूर, म्हणून कुठल्याही वर्षी मोठा पूर यायची प्रॉबेबिलिटी ३/२० म्हणजे ०.१५. मैत्रीण म्हणते पूर म्हणजे काय नाणं आहे काय, असं करताच येत नाही. कुणाचं बरोबर? जरा सविस्तर सांगा प्लीज, नुसतं उत्तर नको.

गावभाग_मास्तर

विषय लई चांगला काढलास. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. माझं पहिल्यापासून एकच सांगणं असायचं, की फॉर्म्युला नंतर, आधी आकडा कुणी मोजला, कशानं मोजला आणि कुठनं कुठपर्यंत मोजला ते बघ. तुझ्या तिन्ही गणितांत अडचण तिथंच आहे, फॉर्म्युल्यात नाही.

पावसाचं घे. मीन की मीडियन हे ठरवायच्या आधी मला सांग की तुला उत्तर कशासाठी पाहिजे. पंचगंगेला पूर येईल का हे बघायचं असेल तर शिरोळचा पाऊस त्या हिशोबात धरून उपयोग काय? पंचगंगा होते ती कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची, प्रयाग चिखलीला संगम होतो, म्हणजे पाणी येतं ते पश्चिमेच्या डोंगरातनं, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या बाजूनं. शिरोळ खालच्या अंगाला, तिथं पाऊस नसला तरी पूर येतोच, वरनं. तेव्हा या प्रश्नाला बारा तालुक्यांची सरासरीही चुकीची आणि मीडियनही चुकीचा, पश्चिमेचे तालुके वेगळे काढूनच बघायला पाहिजे. पण प्रश्न असा असेल की जिल्ह्यातल्या साधारण तालुक्याला आज किती पाऊस झाला, तर मीडियन बरा, कारण गगनबावड्याचा एक मोठा आकडा मीनला वर ओढतो आणि मीडियनला त्याचं काही होत नाही. आणि जिल्ह्यावर एकूण पाणी किती पडलं असं विचारलंस तर मीनच पाहिजे, पण तालुक्याच्या क्षेत्रफळाचं वजन देऊन, कारण साध्या सरासरीत गगनबावड्यासारख्या लहान तालुक्यालाही करवीरएवढंच मत मिळतं. बघ, डेटा तोच आणि प्रश्न तीन, म्हणून उत्तरंही तीन. तुझ्या वहीत हे एकच गणित तीन प्रश्नांसकट लिही. आकडे कृषी विभागाच्या महारेन पोर्टलवर तालुकावार मिळतील, पेपरातनं उतरवून घेऊ नकोस.

बाजारभावाचं सोपं आहे. किमान आणि कमाल ही दोन टोकं, एखाद्या शेतकऱ्याचा एक नंबर माल आणि एखाद्याचा भिजलेला माल, त्या दोघांवरनं बाजार कळत नाही. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दराला जास्तीत जास्त माल गेला तो. ॲगमार्कनेटवर, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या पोर्टलवर, त्यालाच मोडल प्राइस म्हणतात, म्हणजे तुझ्या पुस्तकातला मोड. सरावाला आकडे मनानंच धर: कांद्याची १०० पोती आली, त्यातली १५ पोती ८०० च्या दरानं गेली, ८० पोती १५०० नं आणि ५ पोती २४०० नं. दोन टोकांचा मध्य १६०० येतो. मोड १५००. मीडियनही १५००, कारण पोती दरानं ओळीत लावली तर पन्नासावं आणि एक्कावन्नावं दोन्ही १५०० वाली. पोत्यांचं वजन धरून मीन काढला तर १२,००० अधिक १,२०,००० अधिक १२,००० भागिले १००, म्हणजे १४४०. आता पुढचं तूच लिही, की व्यापाऱ्याला यातला कुठला आकडा सांगावासा वाटेल आणि शेतकऱ्याला कुठला उपयोगी पडेल.

पुराचं रात्री लिहितो, त्यात बोलायसारखं बरंच आहे.

दूधसंस्था_सचिव

मी गावच्या दूध संस्थेत सचिव हाय, शिक्षण बारावीपर्यंतच पण हे सरासरीचं रोज सकाळ संध्याकाळ करतोय म्हणून सांगतो. ताई तुमच्या वहीत दुधाचं एक गणित घालाच. म्हशीचं दूध सकाळी ६ लिटर, फॅट ७.२, आणि संध्याकाळी ४ लिटर, फॅट ६.४. दिवसाची फॅट किती? पोरं लगेच ७.२ आणि ६.४ ची बेरीज करून निम्मी करतात, ६.८ म्हणतात. तसं नाही. सकाळचं दूध जास्त हाय तर सकाळच्या फॅटला वजन जास्त पाहिजे. ६ गुणिले ७.२ म्हणजे ४३.२, ४ गुणिले ६.४ म्हणजे २५.६, बेरीज ६८.८, भागिले १० लिटर, ६.८८ आली. एका दिवसाला फरक बारीक दिसतोय पण दहा दिवसाचं बिल निघतं आणि दर फॅटवर ठरतो, तिथं दूध उत्पादकाचे पैसे जातात ना. म्हणून मी प्रत्येक वेळचं लिटर आणि फॅट वेगळं लिहितो, कधी सरासरीची सरासरी करत नाही.

अजून एक. गाईचं आणि म्हशीचं एकत्र करू नका. गाईची फॅट साडेतीन चारच्या आसपास, म्हशीची सहाच्या वर. सगळ्या नमुन्यांची एकत्र सरासरी काढली तर पाच येईल आणि पाच फॅटचं दूध ना गाय देते ना म्हैस. आणि पाचच्या आसपासचा नमुना खरंच आला की आम्ही आधी विचारतो दूध मिसळलंय काय.

एमएस्सी_स्टॅट_राजारामपुरी

सचिव साहेबांनी जे सांगितलं ते सोनं आहे. त्याचा हिस्टोग्राम काढ, दोन वेगळे उंचवटे दिसतील, बायमोडल म्हणतात ते हेच, आणि असा आकार दिसला की समजायचं आपण दोन वेगळे गट एका टोपलीत घातलेत. त्यावरच पुढं कोरिलेशनचंही, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कशा बदलतात त्याचं, गणित होतंय बघ: लिटर आणि फॅट यांचा स्कॅटर प्लॉट काढला की गाई उजवीकडं खाली जातील, दूध जास्त आणि फॅट कमी, म्हशी डावीकडं वर, आणि सगळं एकत्र घेऊन रेषा ओढली की जबरदस्त ऋण कोरिलेशन दिसेल. पण त्यातलं किती नुसतं गाय विरुद्ध म्हैस असण्यामुळं आलंय आणि किती खरंच दूध वाढल्यानं फॅट उतरतंय, हे फक्त म्हशी वेगळ्या काढून बघितल्याशिवाय कळणार नाही.

मला तुला वेगळंच एक गणित द्यायचंय, ते माझ्या मनाला फार लागलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागं ८६३ मुली होत्या, २००१ ला ८३९ होत्या. आता हे प्रॉबेबिलिटीत बदल: या वयाचं एखादं मूल सहज निवडलं तर ती मुलगी असायची शक्यता ८६३ भागिले १८६३, म्हणजे ०.४६३. निसर्गतः जन्माला १००० मुलांमागं साधारण ९५० मुली धरतात, म्हणजे ०.४८७. फरक दिसायला दोन टक्क्यांचा, म्हणून पुष्कळ जण म्हणतात की योगायोग असेल. तर योगायोग आहे का ते तपासायचं, त्यासाठीच आपला बायनॉमियल आहे, दोनच निकाल असलेला प्रयोग ठराविक वेळा केला तर एक निकाल किती वेळा येईल त्याची शक्यता काढायचा.

आधी लहान गाव घे. वर्षाला २० जन्म. ०.४८७ धरलं तर अपेक्षित मुली ९.७ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडा सरासरीपासून साधारण किती इकडंतिकडं होतो ते, २० गुणिले ०.४८७ गुणिले ०.५१३ चं वर्गमूळ, म्हणजे २.२. एखाद्या वर्षी ६ मुली आणि १४ मुलगे झाले तर प्रमाण येतं १००० मुलांमागं ४२९ मुली, पेपरात हेडलाइन होईल. पण बायनॉमियलनं काढ, ६ किंवा कमी मुली व्हायची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास येते. आपल्या जिल्ह्यात हजारावर ग्रामपंचायती आहेत, त्यातली अशी लहान शंभर गावं घेतली तर सातेक गावांत नुसत्या योगायोगानं हे होईल, आणि तितक्याच सहज दुसऱ्या गावात १३ मुली ७ मुलगे होऊन प्रमाण १८५७ निघेल. म्हणून गावांची क्रमवारी लावली की सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली दोन्हीकडं लहान गावंच येतात. वरच्यांचा सत्कार आणि खालच्यांना नोटीस, दोन्ही घाईचं होतंय.

आता तेच मोठ्या आकड्यावर कर. २००० जन्म, त्यात ८५० मुली, हे आकडे सरावासाठी मी धरलेत. अपेक्षित ९७४, स्टँडर्ड डेव्हिएशन २२.४, फरक १२४, म्हणजे साडेपाच सिग्मा (एक सिग्मा म्हणजे एक स्टँडर्ड डेव्हिएशन). टक्केवारी तीच ठेवून २०० जन्मांत ८५ मुली घेतल्या तर फरक १२.४ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ७.१, पावणेदोन सिग्मा, त्यावरनं ठाम काही बोलता येत नाही. आणि जिल्ह्याच्या जनगणनेत तर मुलं लाखांत आहेत. फक्त एक लाख धरली तरी ०.४६३ आणि ०.४८७ मधला फरक १५ सिग्मा येतो. हा योगायोग नाही, इथं काहीतरी केलं जात होतं, आणि गर्भलिंग निदानावर १९९४ चा कायदा उगाच नाही आला. एक खबरदारी मात्र वहीत लिही: ० ते ६ चं प्रमाण म्हणजे जन्माचं प्रमाण नाही, मधल्या वर्षातले बालमृत्यू त्यात मिसळलेत. तेवढ्यानं निष्कर्ष हलत नाही पण लिहायला पाहिजे.

गावभाग_मास्तर

एमएस्सीवाल्या ताईंनी दिलेलं मुलींच्या प्रमाणाचं गणित प्रत्येक कॉलेजात शिकवायला पाहिजे, त्यावर मला काही जोडायचं नाही.

आता पूर. सुरुवातीलाच एक बारीक गोष्ट, तू पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळ्या एक्सेलमध्ये भरशील म्हणून सांगतो. पातळी येते फूट आणि इंचात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ४३ फूट ६ इंच म्हणजे ४३.६ नव्हे, ४३.५. आणि ४३ फूट १० इंच कुणी ४३.१० असं टाकलं की एक्सेल त्याचं ४३.१ करतं, म्हणजे जवळजवळ नऊ इंच पाणी गायब, आणि वर ते ४३ फूट २ इंचापेक्षा, जे ४३.२ म्हणून भरलेलं असतं, कमी दिसायला लागतं. इंच भागिले १२ करून मगच जोड. दुसरं, पुराच्या दिवसात बातम्यांत दर काही तासांनी आकडा येतो आणि पाणी उतरलं की कुणी विचारत नाही, त्यामुळं बातम्यांतले आकडे गोळा करून सरासरी पातळी काढलीस तर ती फुगलेलीच येणार. वर्षाला एकच आकडा घे, त्या वर्षातली सगळ्यात वरची पातळी.

आता तुझं ३/२०. भागाकार बरोबर आहे, पण दोन प्रश्न विचारतो. एक, मोठा पूर म्हणजे किती फूट? २०२४ च्या जुलैतही नदीनं धोका पातळी ओलांडली होती, ती तू मोजली नाहीस. ४३ च्या वर गेलं की पूर असं म्हणायचं तर तुझी यादी बरीच मोठी होईल. नुसतं ५५ फुटांच्या वर म्हणायचं तर २०१९ आणि २०२१ ही दोनच राहतात, २००५ सुद्धा गळतं. घटना कुठली ते आधी फुटात लिही, आपल्या लक्षात कुठला पूर राहिलाय त्यावरनं नको.

दोन, मोजायला २००५ पासूनच का सुरुवात केलीस? तर त्या वर्षी पूर आला म्हणून. तुझ्याच तीन पुरांच्या यादीत सुरुवात एक वर्ष पुढं २००६ ला केलीस तर १९ वर्षांत २ पूर, ०.१०५. एक वर्ष सरकवलं आणि दीडपटीचा फरक पडला. घटना बघून खिडकी ठरवली की असंच होतं. म्हणून आकडे बघायच्या आधी कालावधी ठरव, किंवा जेवढी वर्षं उपलब्ध आहेत तेवढी सगळी घे.

तुझ्या मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे. पूर नाणं नाही, पण दरवर्षी एक प्रयोग असं धरून बघायला हरकत नाही, फक्त धरलंय हे वर लिहायचं. ५५ फुटांसाठी २/२० म्हणजे ०.१ धर. पुढच्या दहा वर्षांत एकदा तरी ५५ च्या वर जायची शक्यता किती? एकदाही न जायची ०.९ चा दहावा घात, ०.३४९. म्हणून एकदा तरी जायची ०.६५. शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर म्हणतात त्याचंही असंच. शंभर वर्षं निवांत असा त्याचा अर्थ नाही, दरवर्षी ०.०१, आणि नदीकाठाला कुणी तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतलं तर त्या तीस वर्षांत तो पूर बघायची शक्यता १ वजा ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे २६ टक्के. चारात एक! हे गणित घर घेणाऱ्याला कुणी करून दाखवत नाही.

एफवाय_वाली

सर, ताई, सचिव काका, खूप खूप धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पावसाचं तीन प्रश्नांचं गणित करून झालं. दुधाचं मी शेजारच्या काकूंच्या कार्डावरनं केलं, त्यांच्याकडं सकाळ संध्याकाळचं लिटर आणि फॅट लिहिलेलं असतंच.

पुरात एकच शंका राहिली. २०१९ झालं आणि लगेच २०२१. घरात सगळे म्हणतात की आता दर दोन वर्षांनी येणार. इतक्या जवळजवळ दोन आले यावरनं पूर वाढलेत असं म्हणता येईल का?

गावभाग_मास्तर

मोजून बघू. वीस वर्षं, त्यातली कुठलीही दोन वर्षं पुराची, निव्वळ योगायोगानं पडलेली. जोड्या किती? २० गुणिले १९ भागिले २, म्हणजे १९०. त्यातल्या लागोपाठच्या वर्षांच्या जोड्या १९, एक वर्ष सोडून असलेल्या १८. दोन्ही मिळून ३७. ३७ भागिले १९०, ०.१९५. म्हणजे कशाचाही संबंध नसताना, पाचात एकदा दोन पूर असे चिकटून येतातच. तेवढ्यावरनं पूर वाढलेत असं सिद्ध होत नाही, आणि वाढले नाहीत असंही सिद्ध होत नाही. ते बघायला पश्चिमेच्या तालुक्यांतला बऱ्याच वर्षांचा पाऊस, राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांतनं कधी किती पाणी सुटलं आणि नदीच्या पात्रात काय बदल झाले हे सगळं मांडावं लागेल, दोन तारखांवर ते काम होत नाही.

आता तू तुझे तीनही पूर घेऊन कर. वीसात तीन वर्षं, निदान दोन तरी दोन वर्षांच्या आत असायची शक्यता किती? उलट्या बाजूनं मोज, सोपं पडेल.

एफवाय_वाली

सर केलं. वीसातनं तीन निवडायचे प्रकार ११४०. कुठलेच दोन जवळ नाहीत, म्हणजे प्रत्येक दोघांत निदान तीन वर्षांचं अंतर पाहिजे, त्यासाठी मधली दोन दोन वर्षं काढून टाकली की १६ तनं तीन निवडायचे, ५६०. म्हणून जवळ असायची शक्यता ५८० भागिले ११४०, ०.५१. निम्म्याहून जास्त?? दोनदा तपासलं, तेच येतंय.

गावभाग_मास्तर

बरोबर आहे. घरात दाखव. आणि वहीत वर लिही की वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरलंय, मॅडम तेच आधी विचारतील.

दूधसंस्था_सचिव

काकूंच्या कार्डावर दहा दिवसाची सरासरी फॅट छापून आली असेल तर तीसुद्धा तुमच्या हिशोबाशी ताडून बघा ताई. जुळली नाही तर त्यांना संस्थेत विचारायला सांगा, विचारलं की दाखवायला लागतंय.